कात्रज ते महाबळेश्वर : एका टाकीचा हिशेब

महाबळेश्वर आम्ही याआधी दोनदा पाहिले होते. पहिल्यांदा शाळेच्या सहलीत आणि दुसऱ्यांदा लग्नानंतर, दोन्ही वेळा लाल एस.टी.ने. तिसऱ्यांदा गेलो ते गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी, आणि ज्या गाडीतून गेलो तिची किंमत ऐकून आमच्या घरच्या मंडळींनी हातातले लाटणे तसेच धरून ठेवले. जर्मन बनावटीची, दोन दारांची, मागे छप्पर उतरत गेलेली ती गाडी. तिला कूपे म्हणतात. इंजिनाची ताकद तिच्या चारही चाकांना जाते. थंड हवा खायला किंवा पॉइंट बघायला मात्र आम्ही गेलो नव्हतो. गाडीच्या टाकीत किती पेट्रोल मावते आणि ते कुठे जाते, एवढेच पाहायला गेलो होतो.

गोष्ट आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलाची आहे. भाचा पुण्यात एका उद्योजकाकडे चालक आहे. पगार एकोणीस हजार. सोमवार ते शुक्रवार साहेबांना कोरेगाव पार्कहून हिंजवडीला न्यायचे, परत आणायचे, गाडी धुवायची, पेट्रोल भरायचे. रविवारी गाडी साहेब स्वतः चालवतात. पोरगे सहा वर्षे एकाच ठिकाणी टिकले होते. दिवाळी झाली आणि बहिणीचा फोन आला, "दादा, पोराच्या पगारातून तीन हजार कापले. पेट्रोल चोरतो म्हणतात."

दुसऱ्या महिन्यातही तीन हजार कापले. पोरगे जेवेना, कोणाशी बोलेना. वाचकांना हे वेगळे सांगायला नको की, चोरीचा संशय घ्यायचा झाला तर आमच्या वस्तीचा पत्ता पुरेसा असतो. पुरावा मागून शोधतात. पण येथे साहेबांकडे पुरावाही होता, निदान त्यांना तसे वाटत होते. ऑक्टोबर महिन्यात गाडी ११२० किलोमीटर चालली आणि पेट्रोल लागले १८२ लिटर. म्हणजे लिटरला सहा किलोमीटर आणि वर थोडे. गाडीच्या कागदावर लिहिले होते लिटरला ११. अकराने भागले तर १०२ लिटरमध्ये काम व्हायला हवे. उरलेले ८० लिटर कुठे गेले? १०५ रुपयांनी ८,४०० रुपये झाले. साहेब म्हणाले, मी तर तीनच हजार कापतो.

गाडीच्या पडद्यावर सरासरीचा आकडा दिसतो, तो भाच्याने दाखवून पाहिला. पण तो बटण दाबून कधीही शून्यावर आणता येतो, म्हणून साहेबांना तो मान्य नव्हता. त्यात त्यांचे अगदीच चुकले असेही म्हणता येत नाही.

आम्ही बी.कॉम. आहोत आणि पंचवीस वर्षे कारकुनी केली आहे. भांडायला जाण्याआधी पावत्या मागायच्या, एवढे ती नोकरी शिकवते. भाच्याने सगळ्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि प्रत्येक पावतीच्या मागे मीटरचा आकडा पेन्सिलीने लिहिला होता. त्या डब्याचे मोल त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

पण आधी तो ११ चा आकडा कुठून येतो, हे कळायला हवे होते. आपल्या देशात गाड्यांचे असे आकडे ठरवणाऱ्या संस्थांपैकी एक प्रमुख संस्था पुण्यातच आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय. स्थापना १९६६ ची. कोथरूडच्या अंगाला, वेताळ टेकडीवर तिचे आवार आहे, आणि पुणेकर त्या भागाला एआरएआय टेकडी असेच म्हणतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांची तिथे गर्दी असते, मोर दिसतात. एका शनिवारी पहाटे आम्ही आणि भाचा तिथे चढून गेलो. कुंपणाच्या आत काही जाता येत नाही. बाहेर दगडावर बसून, आधी वाचून ठेवलेले आम्ही त्याला सांगितले.

गाडीची चाचणी रस्त्यावर होतच नाही. बंद खोलीत गाडीची चाके मोठ्या रोलरवर ठेवतात. गाडी जागची हलत नाही, रोलर फिरतात. समोरून पंखा वारा देतो. वातानुकूलन बंद असते. चालकासमोर पडद्यावर ठरलेली रेघ येते आणि त्या रेघेप्रमाणे वेग कमी-जास्त करायचा. सगळा खेळ वीसेक मिनिटांचा आणि अकराएक किलोमीटरचा. शहराच्या भागात वेग पन्नासच्या वर जात नाही, नंतरच्या भागातही नव्वदच्या वर नाही. ही रेघ जुन्या युरोपीय चाचणीवरून घेतली आहे. तिथे शेवटी १२० पर्यंत जात, आपल्याकडे ते ९० वर आणले. आणि पेट्रोल मापाने मोजत नाहीत! धूर पिशव्यांत गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून किती पेट्रोल जळले ते काढतात. जमाखर्चाच्या माणसाला ही पद्धत फार आवडली. बाहेर पडलेल्या मालावरून आत आलेला माल ओळखायचा.

भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे या आकड्यात हिंजवडीचा पूल नाहीच?"

नाही. हिंजवडीचा पूल नाही, खंबाटकी नाही, मे महिन्यातला एसी नाही. हे फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेत लोकांची तक्रार वाढल्यावर २००८ च्या मॉडेलपासून हिशेबाची रीत बदलली. एसी, जोराची चाल, थंडी यांच्या चाचण्या त्यात धरल्या आणि कागदावरचे आकडे खाली आले. युरोपात आयसीसीटी नावाच्या संस्थेने कागद आणि रस्ता यांतली तफावत मोजली. २००१ च्या सुमारास ती ९ टक्के होती, २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर गेली. पुढे २०१७ पासून युरोपाने जुनी चाचणीच टाकून दिली. चाचणीचा आकडा खोटा नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगला. मात्र चालकाच्या पगारातून पैसे कापायचे ते माप नव्हे.

हे सगळे कागदावर मांडून आम्ही साहेबांना भेटलो. दहा मिनिटे दिली त्यांनी. उद्धटपणे बोलले नाहीत, चहाही विचारला. आम्ही म्हटले, आम्हाला एक रविवार द्या. तुमचा माणूस बरोबर द्या. टाकी भरून जातो, टाकी भरून येतो. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "ठीक आहे. नेहमी मी जातो त्याच रस्त्याने जा. माझा हिशेबनीस येईल."

अशी ती महाबळेश्वरची वारी ठरली.

सकाळी सहाला सातारा रस्त्यावर, कात्रजच्या अलीकडच्या पंपावर टाकी भरली. या पद्धतीत कौशल्य काही नाही, शिस्त आहे. नोझल आपोआप बंद झाले की थांबायचे, वर एक थेंब घालायचा नाही. मीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या ठिकाणी तसेच भरायचे आणि जेवढे पेट्रोल मावले तेवढे जळले असे धरायचे. परतल्यावर शेवटची टाकी त्याच पंपावर, त्याच नोझलने. आपल्यातली जी पोरे टेम्पो, टॅक्सी किंवा साहेबांची गाडी चालवतात त्यांनी हे जरूर करावे. खर्च दोन रुपयांच्या पेन्सिलीचा.

हिशेबनीस साहेब पुढे बसले आणि आम्ही मागे. त्या मागच्या जागेबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. एवढ्या पैशांच्या गाडीत आमचे गुडघे छातीला आणि डोके काचेला टेकले होते. एस.टी.ची तीन माणसांची सीट आम्हाला त्या दिवशी ऐसपैस वाटली. गाडीचे वजन पुस्तिकेत साडेसतराशे किलोच्या जवळ; आम्ही तिघे धरून साडेएकोणीसशे.

कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, मग सारोळ्याला नीरेचा पूल. पूल ओलांडला की सातारा जिल्हा. शिरवळच्या कारखान्यांत सकाळची पाळी चालली होती, रस्त्याच्या कडेने डबे घेतलेली माणसे. भाच्याने वेग ताशी ८० वर धरून ठेवला. इंजिनाचा आवाजही येत नव्हता. हिशेबनीस म्हणाले, "एवढी ताकद आहे आणि तुम्ही एस.टी.सारखी चालवता." भाचा गप्प राहिला.

मग खंबाटकी. पुण्याहून जाताना घाट चढायचा, येताना बोगद्यातून यायचे, अशी तिथली रीत आम्हाला ठाऊक होती. भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत होते. आमच्या गाडीला त्या चढाची जाणीवही नसावी. येथे भाच्याने आम्हाला चार चाकांची करामत सांगितली. साध्या गाडीत इंजिन दोनच चाकांना फिरवते. हिच्यात गिअरबॉक्सपासून आणखी एक दांडा पुढच्या चाकांकडे जातो, त्याला वेगळे दात, वेगळे तेल. घाटात चिखल असला, पाऊस असला, तर एक चाक घसरले तरी बाकीची धरून ठेवतात. "आषाढात पसरणीच्या घाटात दरड आली होती मामा, सगळ्यांच्या गाड्या घसरत होत्या, ही हललीसुद्धा नाही."

त्याचे खरे आहे. या कल्पनेचा जन्मच बर्फातला. ब्रिटनच्या जेन्सन कंपनीने १९६६ मध्ये अशी एक कूपे काढली होती, पण ती थोडीच विकली गेली. ऑडीच्या लोकांनी सत्तरीच्या दशकात फिनलंडच्या हिवाळ्यात चाचण्या घेताना पाहिले की, चारही चाके ओढणारी लष्करी धाटणीची साधी गाडी बर्फात भल्या भल्या ताकदवान गाड्यांना मागे टाकते. त्यातून १९८० च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात त्यांची क्वाट्रो कूपे आली. पुढे इतरांनीही तो मार्ग धरला. पण हे जे जास्तीचे लोखंड आहे ते रोज, कोरड्या रस्त्यावरही, बरोबर वाहून न्यावे लागते आणि फिरवावेही लागते. म्हणूनच ऑडीने २०१६ मध्ये गरज नसताना मागची चाके सोडवून ठेवणारी नवी रचना आणली. गंमत अशी की, ही किंमत लोक समजतात तेवढी मोठी नाही. अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांत एकाच गाडीच्या दोन चाकी आणि चार चाकी ओढीच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर बहुधा गॅलनला एक-दोन मैलांचा फरक निघतो. आपल्या मापात लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटर. साहेबांचे ८० लिटर त्यात बसत नाहीत.

सुरूर फाट्याला वळलो. वाईकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाने लादलेले ट्रॅक्टर. हा ऊसही आमच्या हिशेबात आला, कसा ते सांगतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि त्यातले काही उसापासून बनते. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश उष्णता कमी. म्हणजे मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमध्ये सहा-सात टक्के जीव कमी. शेतकऱ्याला दाम मिळतो, देशाचे परकीय चलन वाचते, हे चांगलेच. पण साहेबांनी कागदावरचा आकडा धरला तेव्हा हे सहा-सात टक्के कोणाच्या खात्यावर टाकायचे, हा प्रश्न उरतोच.

वाईला कृष्णेच्या काठी पाच मिनिटे थांबलो. मराठी विश्वकोशाचे कार्यालय याच गावात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथूनच ते काम उभे केले. एवढ्याशा गावात बसून एवढा मोठा ग्रंथ! आम्हाला ते कार्यालय पाहायचे होते, पण रविवार. पंपावर गेलो. ७९ किलोमीटर, ६.९ लिटर. लिटरला साडेअकराच्या जवळ.

हिशेबनीसांनी आकडा दोनदा करून पाहिला. कागदापेक्षा जास्त! भाच्याचा चेहरा आम्हाला आरशात दिसत होता. महिन्यानंतर पहिल्यांदा तो हसला, पण लगेच म्हणाला, "मामा, घाट बाकी आहे."

वाईतून बाहेर पडले की पसरणी गाव. शाहीर साबळे यांचे हे जन्मगाव. गावाच्या वरून घाट सुरू होतो आणि वळणावळणाला खाली धोमच्या धरणाचे पाणी दिसते, मागे डोंगरांच्या ओळी. थंडीच्या सकाळी त्या पाण्यावर धुके होते. असे दृश्य पुढच्या सीटवरून फार सुंदर दिसत असणार. आम्हाला खिडकीच्या पाचरीतून जेवढे दिसले तेवढे लिहिले.

वाई ते महाबळेश्वर साडेसहाशे मीटरची चढण आहे. एकोणीसशे पन्नास किलो वजन तेवढ्या उंचीवर उचलायला किती पेट्रोल लागेल, याचा हिशेब आम्ही आदल्या रात्री मुलाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकावरून केला होता. इंजिन पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण चौथा हिस्सा कामाला लावते, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते. त्या हिशेबाने नुसते वर उचलायलाच दीड-पावणेदोन लिटर. रस्ता कापायचा तो वेगळा.

आणि पाचगणीला गर्दीत अडकलो. रविवार, त्यात डिसेंबर. मुंबईच्या गाड्या, गुजरातच्या बसगाड्या, घोडेवाले, मक्याची कणसे. अर्धा तास गाडी जेमतेम हलली. मोठे इंजिन नुसते उभे राहून, एसी लावून, तासाला लिटर-दीड लिटर पिते. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होण्याची सोय गाडीत आहे, पण साहेबांना तो धक्का आवडत नाही म्हणून ते बटण कायम बंद असते. नेहमीसारखीच चालवायची असे ठरले होते, म्हणून आम्हीही ते बंदच ठेवले. पुढे गुरेघर, स्ट्रॉबेरीची शेते, वेण्णा तलाव. महाबळेश्वरला पंपावर टाकी भरली. ३२ किलोमीटर, ५.८ लिटर. लिटरला साडेपाच.

तेच पेट्रोल, तीच गाडी, तोच चालक. दोन तासांत साडेअकराचे साडेपाच झाले.

वेण्णा तलावाच्या काठी आम्ही तिघांनी कणसे घेतली. मग आम्ही बिस्किटाचा डबा उघडला. भाचा शनिवारी संध्याकाळी टाकी भरून गाडी साहेबांच्या ताब्यात देई आणि सोमवारी सकाळी परत भरी. त्यामुळे रविवारचा हिशेब आपोआप वेगळा पडला होता. त्याच्या ते लक्षात आले नव्हते असे नाही. पण सांगणार कोणाला आणि कसे? ऑक्टोबरात कामाच्या दिवसांचे ६४० किलोमीटर आणि ९८ लिटर, लिटरला साडेसहा. रविवारचे दोन फेऱ्यांचे ४८० किलोमीटर आणि ८४ लिटर. लिटरला ५.७.

आम्ही काही बोललो नाही. कागद हिशेबनीसांच्या हातात दिला आणि कणीस खात राहिलो. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले. महामार्गाने, याच रस्त्याने, पहाटे रस्ता मोकळा असताना गाडी हिंजवडीच्या गर्दीपेक्षाही जास्त पेट्रोल पिते. आणि त्या दिवशी गाडीत भाचा नसतो.

"साहेब दीडशेने जातात," ते हळूच म्हणाले. "मला एकदा बसवलं होतं बरोबर. मी परत बसलो नाही."

ऐंशीच्या जागी एकशे चाळीसने गेले की हवेचा विरोध तिप्पट होतो. वेगाच्या वर्गाने तो वाढतो. त्यात प्रत्येक ट्रकच्या मागे ब्रेक आणि पुढे जाताना पाय तळापर्यंत. घाटात तेच. जे पेट्रोल वेग घ्यायला जाळले ते ब्रेकच्या तव्यावर तापून जाते. याला चोरी म्हणत नाहीत. पैसेही साहेबांचेच. आमची तक्रार एवढीच होती की बिल दुसऱ्याच्या नावावर फाडले जात होते.

परत निघालो. घाट उतरताना भाच्याने गाडी गिअरमध्येच ठेवली आणि पाय काढून घेतला. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडचे कितीतरी रिक्षा-टेम्पोवाले उतारावर न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचते म्हणून. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून पाय वर असला तर पेट्रोल पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे जातच राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर पडून ब्रेक तापतात, तो धोका वेगळाच. खंबाटकीचा बोगदा, नीरा, शिवापूर, आणि दिवे लागताना कात्रज. १११ किलोमीटर, ८.२ लिटर. साडेतेरा! जाताना डोंगराला दिलेले काही प्रमाणात परत मिळाले.

एकूण २२२ किलोमीटर आणि २०.९ लिटर. लिटरला १०.६. चाळीस किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड आम्ही तिघांनी हवेत सोडला. सिमेंटच्या पोत्याएवढा धूर, एक कणीस खाण्यासाठी. एस.टी.तून गेलो असतो तर आमच्या वाट्याला त्यातला लहानसा भाग आला असता. असो.

मंगळवारी हिशेबनीसांनी स्वतः कोरेगाव पार्क ते हिंजवडी आणि परत अशी चाचणी करवली. ४४ किलोमीटर, ७ लिटर. लिटरला ६.३. या मापाने ऑक्टोबरच्या कामाच्या दिवसांना १०२ लिटर लागायला हवे होते. भाच्याने ९८ मध्ये भागवले होते.

कागद कोणी द्यायचा यावर थोडी चर्चा झाली. हिशेबनीस म्हणाले, "आकडे माझे घ्या, सही तुमची करा. मला अजून नोकरी करायची आहे." आम्हाला त्यांचे हसू आले नाही. कारकुनाला कारकुनाचे दुःख कळते. आम्ही एका पानावर चार ओळी लिहिल्या. कामाचे दिवस, लिटर, किलोमीटर, रविवार, लिटर, किलोमीटर, आमची वारी, आमचा मंगळवार. कोणावर आरोप नाही, "वेग" हा शब्दसुद्धा नाही. रविवारच्या फेऱ्या आमच्या वारीसारख्या झाल्या असत्या तर ८४ च्या जागी ४५ लिटर लागले असते, एवढी एक टीप खाली.

साहेबांनी कागद वाचला म्हणतात, आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. काही बोलले नाहीत. महिनाअखेरीला पगाराच्या पाकिटात पूर्ण एकोणीस हजार होते आणि वेगळ्या पाकिटात कापलेले सहा हजार. चूक झाली असे कोणी म्हटले नाही. बहिणीला त्याचा राग आला, ती म्हणाली, "दादा, पैसे दिले, पण पोराला दोन महिने चोर म्हणून ठेवलं त्याचं काय?" आम्ही तिला काय सांगणार? भाच्याने नोकरी सोडायचा विचार केला होता. बायकोने आणि कर्जाच्या हप्त्याने त्याला थांबवले.

डबा मात्र गेला. त्याच्या जागी शंभर पानी वही आली. तारीख, मीटर, लिटर, पंप. मागच्या सोमवारी त्याने ती आणून दाखवली. रविवारच्या ओळीत २३६ किलोमीटर आणि ४१ लिटर असे लिहिले होते. पेट्रोल तेवढेच जाते आहे. शेवटी त्याने पट्टी घेऊन एक नवा रकाना आखला आहे : गाडी कोणी चालवली. हिशेबनीस दर महिन्याला त्या पानावर सही करतात.